सावडीचं कलम

आमच्या संस्थेच्या घटनेत एक कलम आहे. आजवर जितक्या वकिलांनी ते वाचलं तितके हसले. एकाने तर चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि पुन्हा हसला. मी समोरच बसले होते. म्हटलं हसा, हसून झालं की पुढचं पान उलटा.

कलम असं आहे: 'संस्थेच्या प्रत्येक सभासदाने महिन्यातून एक दिवस वसतिगृहात स्वयंपाकाची सावड केली पाहिजे आणि त्याच दिवशी मुलींच्या पंगतीत बसून जेवले पाहिजे. सलग तीन सावडी चुकवणाऱ्याचे सभासदत्व आपोआप संपेल.' यातला 'आपोआप' हा शब्द माझा. बाकी सगळं आत्याचं आणि अध्यक्षबाईंचं.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. पुण्याला सरकारी दवाखान्यात आया म्हणून तिने उभी हयात काढली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशात तिने घोडेगावच्या रस्त्याला, आमच्या वस्तीच्या तोंडाशी, तीन खोल्यांचं घर बांधलं. आमची वस्ती बौद्धांची. छप्पन सालानंतर आमच्या आधीच्या पिढीने देव्हारे रिकामे केले. गावाने मात्र आमच्याकडे बघायची नजर तशीच ठेवली. म्हणजे नमस्कार-चमत्कार सगळं होतं. लग्नाला आहेर घेऊन यायचे, मांडवात पुढच्या रांगेत बसायचे. जेवायची वेळ झाली की ज्याला त्याला एकदम काहीतरी काम आठवायचं. मी निरगुडसरहून लग्न होऊन आले, तेव्हा हे मला नवीन नव्हतं. माहेरीही असंच होतं. फक्त मला ते मुकाट्याने गिळता येत नसे, आणि त्यावरून सासरी माझं नाव 'तिखट' पडलं होतं.

अध्यक्षबाई डोंगराकडच्या. भीमाशंकरच्या अंगाला त्यांची भाताची खाचरं, थोडी नाचणी, थोडी वरई. कांदे-बटाटे काढायच्या दिवसांत त्या खाली आमच्याकडे कामाला येत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल आमच्या गावात. एकदा बांधावर पाणी पिता पिता त्या आत्याला म्हणाल्या, "माजी पोर लई हुशार हाय. तुमच्या वटीला ठिवता का? शाळा शिकंल. काम करंल."

"काम करायला माजे हात हायेत," आत्या म्हणाली. "शिकायचं असंल तर पाठव."

ती मुलगी आली. पुढच्या वर्षी तिच्यामागे आणखी दोघी आल्या. मग घर भरलंच. त्यातल्या एकीचा बाप मुलीबरोबर रॉकेलचा स्टो आणि पातेली घेऊन आला. आमची पोर आपलं आपलं करून खाईल, म्हणाला. आत्या दारात उभी राहिली. "भाऊ, पोरगी ठिवा, स्टो घरी न्या. माज्या घरात दोन चुली पेटणार न्हाईत." त्याने पोरगीही नेली आणि स्टोही नेला. पंधरवड्याने परत आला तेव्हा नुसती पोरगी होती. तिने त्या रात्री पाच भाकरी खाल्ल्या असं आत्या कौतुकाने सगळ्यांना सांगत असे.

मग आत्याच्या मनाने घेतलं की हे घर पोरींच्या नावावर करायचं. तलाठ्याने डोक्याला हात लावला. "आजी, पोरी येणार, जाणार. उताऱ्यावर नाव कुणाचं लावू? संस्था काढा. संस्थेला बक्षीसपत्र करून द्या." लोक समाजसेवेसाठी संस्था काढतात म्हणे. आम्ही उताऱ्यावर नाव लावायला काढली.

संस्थेला सात माणसं लागतात. आमच्या वस्तीतल्या चार आणि डोंगरावरच्या तीन, अशा सात बाया आत्याच्या स्वयंपाकघरात जमल्या. पुण्यात धर्मादाय कार्यालयाच्या बाहेर टायपिंग करून देणारा एक माणूस होता. त्याने छापील मसुदा दिला होता, त्यात नुसती नावं भरायची. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात तहहयात विश्वस्त होते, आश्रयदाते होते, सन्माननीय सल्लागार होते. भाकरी करणारं कुणी नव्हतं.

सभासद कोण, या कलमाशी आम्ही अडलो. मसुद्यात होतं, वर्गणी भरेल तो. अध्यक्षबाई, तेव्हा त्या अजून अध्यक्षबाई झाल्या नव्हत्या, पीठ मळता मळता म्हणाल्या, "पैसं काय, कुनीबी भरंल. आमी भाताच्या आवणीला सावड करतो. आज तुज्या खाचरात, उद्या माज्या. ज्यो येत न्हाई, त्याच्या खाचरात बी कुनी जात न्हाई. त्याला कुनी काडून टाकत न्हाई, त्यो आपला आपण भाईर पडतो. तसं लिवा."

"आन नुसतं करून पळायचं न्हाई," आत्या म्हणाली. "बसून जेवायचं."

ती हे का म्हणाली ते तिथल्या प्रत्येकीला कळलं. डोंगराकडच्या बायांनाही कळलं. त्यातली एक जण खाली बघत राहिली, मग तिने परातीतली भाकरी उचलून तव्यावर टाकली. मी लिहून घेतलं.

टायपिंगवाला म्हणाला, "बाई, असलं घटनेत नसतं."

म्हटलं, "नसतं म्हणूनच घालायचंय."

नंतर कार्यालयातून विचारणा आली की 'सावड' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा. मी उत्तर लिहिलं की आज मी तुझ्यासाठी राबते, उद्या तू माझ्यासाठी राबायचं, याला आमच्याकडे सावड म्हणतात. ते मान्य झालं. नोंदणीचा दाखला आला, बक्षीसपत्र झालं, उताऱ्यावर संस्थेचं नाव लागलं. संस्थेची जागा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे मी आत्याला समजावून सांगितलं.

"म्हंजी माज्या भाच्यांनाबी इकता येनार न्हाई?"

"नाही."

"आन मला?"

"तुम्हालाही नाही."

"लई झाक काम झालं," ती म्हणाली. भाच्यांपैकी एक, म्हणजे माझा नवरा, तिथेच बसला होता. तोही हसला.

पुढची काही वर्षं कशी गेली ते कळलं नाही. आमच्या सभा चुलीसमोर व्हायच्या. कुणी भाकरी थापायचं, कुणी भाजायचं, मी इतिवृत्त लिहायचे. अध्यक्षबाई अंगठा उठवायच्या तेव्हा शाईबरोबर थोडं बाजरीचं पीठही कागदावर उठायचं. महिन्याच्या सावडीला त्या डोंगरावरून एसटीने यायच्या. एसटी चुकली तर चालत यायच्या. पोरी दहावी होऊ लागल्या. त्यांतली एक नर्सिंगला गेली, तेव्हा आत्याने तिला आपलं जुनं दवाखान्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाली, "मी झाडलोट केली, तू सुई टोच."

मग रस्ता रुंद झाला. जे घर वस्तीच्या तोंडाशी होतं, ते अचानक बाजाराच्या तोंडाशी आलं. आणि गावच्या पतसंस्थेच्या चेअरमनना आमच्या पोरींची काळजी वाटू लागली.

चेअरमन वाईट बोलणारा माणूस नव्हता. कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नसेल. मला ताई म्हणायचे, आत्याच्या पाया पडायला वाकायचे, हात मात्र पायाच्या वीतभर अलीकडे थांबायचा. पोरींना त्यांनी चादरी वाटल्या. मग एक दिवस आम्हा सातही जणींना पतसंस्थेच्या हॉलमध्ये बोलावलं. त्यांची माणसं आधीच येऊन बसली होती. चेअरमन उठले तशा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या, खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या एकदम एका अंगाला वळतात तशा.

ते म्हणाले, "संस्था लई चांगली हाय, पन लहान हाय. आपण अनुदान आनू. जागेवर खाली गाळे काढू, वर पोरींची सोय करू. त्यासाठी मंडळ मजबूत पायजे. मी अध्यक्ष व्हतो, ही आमची मंडळी विश्वस्त व्हतील. तुमी सगळ्या सल्लागार. कुनाची हरकत?"

कुणी बोललं नाही. चहा आला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पाव्हण्याच्या किंवा यजमानाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं. मुलगी बघायला गेलेली माणसं पसंती नसली तर तसं बोलत नाहीत. चहा तसाच ठेवून उठतात. मुलीच्या बापाला कळतं, मुलीला कळतं, ओसरीवर खेळणाऱ्या पोरांनाही कळतं. पुढे कुणी काही विचारत नाही.

आत्याने कपाला हात लावला नाही. अध्यक्षबाईंनी कप एका बोटाने दूर सरकवला. आम्ही सातही जणी एकदम उठलो, पदर सावरले आणि बाहेर पडलो. कपांवर साय धरली होती. वाटेने आम्ही खुशीत होतो. आमच्या मते आम्ही ओरडून नाही म्हटलं होतं.

काही महिन्यांनी पुण्याच्या धर्मादाय कार्यालयाची नोटीस आली. चेअरमननी बदल अहवाल दाखल केला होता. नवीन विश्वस्तांची नावं, आणि खाली ठराव: 'सर्वानुमते मंजूर. कोणीही हरकत घेतली नाही.'

मी तशीच पतसंस्थेत गेले. चप्पलसुद्धा बाहेर काढली नाही. "सात कप भरलेले दिसले नाहीत तुम्हाला?"

"ताई, तवा बोलायचं व्हतं," ते शांतपणे म्हणाले. "गप बसल्या म्हंजी मान्य, असाच कायदा हाय."

त्यांना रीत माहीत नव्हती असं नाही. या तालुक्यात जन्मलेल्या माणसाला न प्यायलेला चहा कळतो. त्यांनी आमची रीत ओळखली आणि तिचाच फायदा घेतला, याचा मला जास्त राग आला. घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "मोठ्या माणसाशी वैर कशाला? पोरींची सोय ते करतीलच की." मी म्हटलं, "गाळे आधी होतील आणि पोरी कधीच नाही. आणि मला सल्लागार म्हणाले ते तुम्हाला आवडलं असेल, मला नाही." वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही समजावलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणाले. आमचा जन्मच त्या पाण्यातला. आम्ही कुठे जायचं?

आम्ही हरकत घेतली. मंचरहून एसटीने पुण्याला जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं, असं सुरू झालं. पहिल्या मोठ्या सुनावणीला तिथल्या साहेबांनी अध्यक्षबाईंना विचारलं, "तुम्ही सभेत विरोध केला होता का?"

"केला की."

"काय म्हणालात?"

"म्हनाले काई न्हाई. च्या पेले न्हाई."

सगळे हसले. साहेबही हसले, पण लगेच गंभीर होऊन म्हणाले की बाई, कायद्याला हे चालत नाही, विरोध नोंदवावा लागतो. अध्यक्षबाईंना ते अजिबात पटलं नाही. सात माणसांनी चहा ठेवला आणि ते कुणी लिहिलं नाही, तर चूक लिहिणाऱ्याची, असं त्या एसटीत मंचर येईपर्यंत म्हणत होत्या. मला त्यांचंच बरोबर वाटत होतं.

मग आमच्या वकिलाने सावडीचं कलम काढलं. ज्यांनी कधी सावड केली नाही, जे पंगतीत जेवले नाहीत, ते सभासद नाहीत. सभासद नाहीत ते विश्वस्त कसे होणार? चेअरमनच्या वकिलाने नेहमीप्रमाणे हसून घेतलं. "साहेब, एवढ्या प्रतिष्ठित माणसाने भाकऱ्या थापायच्या?" पण चेअरमन हुशार होते. ते उठून म्हणाले, "आमाला सावडीला कुनी बोलावलंच न्हाई. माजी आजबी तयारी हाय."

"या की," मी म्हटलं. "दिवस तुम्हीच ठरवा."

दिवस त्यांनी ठरवला आणि खरंच आले. बरोबर चार माणसं होती. बाह्या वर करून चुलीपुढे बसले, आणि खोटं का बोलू, भाकरी त्यांना चांगली येत होती. लहानपणी आई आजारी असायची, तेव्हा शिकलो म्हणाले. पोरी हसत होत्या. क्षणभर मलाही वाटलं की हा माणूस जेवेल, आणि जेवला तर आपण केस हरू, आणि तरीही काहीतरी जिंकल्यासारखं होईल.

पंगत बसली. पिठलं, कांदा, बाजरीची भाकरी. त्यांच्यासाठी पाट मांडला. त्यांच्या ताटात आत्याने स्वतः थापलेली भाकरी वाढली.

ते उभेच राहिले. "आज माजा सोमवार हाय, आजी. उपास."

अध्यक्षबाई लगेच उठल्या. "मग भगर टाकते. वरी आमच्या डोंगरातलीच हाय, उपासाला चालती. येवडी पंगत हुईस्तोवर शिजंल."

"नको नको. डाक्टरनी पथ्य सांगितलंय."

आत्याने पाण्याचा तांब्या-भांडं पुढे केलं. "पानी तरी घ्या, पावणं."

त्यांनी भांड्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. "पानी गाडीत हाय," ते म्हणाले.

डोंगरावरच्या पोरी घास हातात धरून बघत होत्या. त्यांतली एक स्टो घेऊन आलेल्या त्या बापाची धाकटी होती, आता दहावीत. चेअरमनच्या ताटातली भाकरी आत्याने उचलून आपल्या ताटात घेतली आणि जेवायला बसली. ती सगळी भाकरी तिने संपवली. मी मागच्या खोलीत जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. तिने आयुष्यभर दवाखान्यात परक्यांचं सगळं काढलं होतं, आणि या माणसाला तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं.

निकालाआधीच आत्या गेली. झोपेत गेली. चेअरमन मातीला आले, 'संस्थेचा अध्यक्ष या नात्याने' बोलायला उभे राहिले. अध्यक्षबाई डोंगरावरून पायपीट करून तेव्हाच पोचल्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "अध्यक्ष मी हाय. तुमी खाली बसा." चेअरमन बसले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी तोंडावर नाही म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

शेवटच्या सुनावणीला साहेबांनी चेअरमनना विचारलं, "सावडीला गेलात?"

"गेलो व्हतो. भाकरी थापल्या. इचारा त्येंना."

"पंगतीत जेवलात?"

"उपास व्हता, साहेब."

मला राहवलं नाही. वकील बसा म्हणून खुणावत असताना मी उठले. "साहेब, आम्ही सात जणी चहा प्यायलो नाही, ते यांना दिसलं नाही. यांनी आमच्या आत्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, ते आमच्या शाळकरी पोरींनाही दिसलं. आमचं नाही लिहिलं गेलं. यांचं तरी लिहा." साहेबांनी मला बसायला सांगितलं. मी बसले. चेअरमन समोरच्या भिंतीकडे बघत होते. साहेबांनी त्यांना पुन्हा एकदा, आवाज न चढवता विचारलं, "त्या घरात एकदाही, काहीही घेतलंत का?" त्यांना हो म्हणता आलं नाही.

बदल अहवाल फेटाळला गेला. आदेशात चहा नव्हता आणि पाणीही नव्हतं. नवीन विश्वस्त घटनेच्या अमुक कलमानुसार सभासदच ठरत नाहीत, एवढंच कोरडं वाक्य होतं. मी ते आत्याच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. चूल पेटलेली होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "घर कुनाचं लिवलंय?"

"संस्थेचं. म्हणजे पोरींचं."

"मग ठिव च्या."

चहा झाला. आम्ही सगळ्यांनी प्यायला, पोरींनीही. आत्याच्या जागेवर एक कप भरून ठेवला. मी इतिवृत्त पुढे ओढलं आणि त्यात लिहिलं: 'सर्वांनी चहा घेतला.' अध्यक्षबाईंनी खाली अंगठा उठवला.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात ठरावाखाली लिहिलं जातं, चहा कुणी घेतला आणि कुणी घेतला नाही. न घेणारीचं नाव येतं, आणि पुढे 'विरोध' असा शब्द येतो. सावडीचं कलम काढून टाका, देणगीदार बिचकतात, असं सांगणारे सल्लागार अधूनमधून शहरातून येतात. लेखापरीक्षक दरवर्षी विचारतात की हा चहाचा काय प्रकार आहे. मी त्यांना आधी पंगतीत बसवते, भाकरी वाढते आणि आत्याच्या भांड्यातून पाणी देते. ते प्यायले, की मग सांगते.